ऑफिसचा कोट

सगळी झाडं खाजवत होती.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये 'जंगल वाचवा' हा नाच चालला होता. पुढे मोर, मोरांच्या मागे हरणं आणि सगळ्यात मागे पडद्याला पाठ लावून झाडं. ज्या पोरांना नाचता येत नाही त्यांना झाड करायचं, हा शाळांचा जुना रिवाज. फौजदार रिना दुर्गे यांची सम्यका अशीच एक झाड होती. झाडांनी हलायचं नाही, असं बाईंनी दहादा बजावलेलं. पण सम्यका दंड खाजवत होती, शेजारचं झाड मान खाजवत होतं, आणि कोपऱ्यातलं एक बारकं झाड तर रडायच्या बेतात आलं होतं. लोक खो खो हसत होते.

"त्या क्रेप कागदानं झालं असन," रिनाची आई म्हणाली. "मी म्हणलंच होतं, सुती कापडाचं शिव म्हणून. पण तुले कुठी वेळ."

रिनानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. स्टेज मात्र यंदा नीट दिसत होतं, हे तिला मान्य करावं लागलं. दरवर्षी मंडपवाल्याचं ठिगळं लावलेलं सॅटिन असायचं. यंदा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध निळं कापड, एक सुरकुती नाही. सूत्रसंचालन करणारे सर माईकवर सांगत होते, "या सुंदर पडद्यासाठी आपण ज्यांचे विशेष आभार मानतो, ते..." आणि रिनाचा फोन वाजला.

नाव तिनं ऐकलंच नाही. ऐकलं असतं, तर पुढची सगळी पायपीट वाचली असती.

फोनवर ठाणेदारसाहेब होते.

"दुर्गे, टीव्ही पाह्यला का?"

"नाई सर. पोरीच्या शाळेत आहो."

"वनराज वार्ताची ती सीता आक्केवार लाईव्हमधी खाजवू खाजवू पडली. दवाखान्यात नेलं. डोळा सुजला म्हणते. तिच्या कोटात कोणंतरी खाजकुयली टाकली. चिंतलवार सेठ फोनवर फोन करून राह्यला. संध्याकाळपर्यंत गुन्हा पाहिजे त्याले. आरोपीचं नाव बी तोच देऊन राह्यला."

"कोणाचं?"

"सायमा शेख. तिथलीच छोटी अँकर. बापाचं जडीबुटीचं दुकान आहे गोल बाजारात. जा, पाहा."

रिनानं आईला सांगितलं, पोरीला घरी ने आणि गरम पाण्यानं आंघोळ घाल. मग ती निघाली.

वनराज वार्ताचं ऑफिस चंद्रपूरच्या मूल रोडला, टायरच्या दुकानाच्या वर. बाहेरून जिना, आतून गुर्मी. मालक नंदकिशोर चिंतलवार यांचे आधी कोळशाचे ट्रक होते. ट्रक पोलीस अडवतात, चॅनलची गाडी अडवत नाहीत, हे ध्यानात आल्यावर सेठना अचानक लोकशाहीचा कळवळा आला आणि त्यांनी चॅनल काढलं. तिथली माणसं पडद्यावर पुण्यासारखी बोलत आणि पडद्यामागे चंद्रपूरसारखी भांडत. भांडण कशाचं, तर एका खुर्चीचं. जुने वृत्तप्रमुख नागपूरला पळाले तेव्हापासून ती रिकामी होती. तिचा एक हात तुटलेला होता आणि गादीतून काथ्या बाहेर आला होता. पण तीत बसलेल्या माणसाला फोनवर 'संपादक बोलतोय' म्हणता येत असे, आणि तेवढ्यासाठी इथले लोक एकमेकांच्या चहात थुंकायला तयार होते.

सव्वीस जानेवारीला नाव जाहीर व्हायचं होतं. सीता आक्केवारचं नाव जवळजवळ ठरलेलं.

रिना वर पोचली तेव्हा न्यूजरूममधल्या सगळ्या टीव्हींवर एकच चित्र फिरत होतं. काळ्या कोटातली सीता आधी मान खाजवते, मग गळा, मग डोळे चोळते, मग टेबलावर कोसळते. पुन्हा मान, पुन्हा गळा. खाली लाल पट्टी: 'लाईव्हमध्ये विषप्रयोग? संशयाची सुई सहकारी अँकरवर!' मधूनच एका जुन्या दुकानाचा फोटो, त्याभोवती लाल गोल.

आपल्याच बाईला आपल्याच चॅनलवर मिनिटामिनिटाला पाडत होते. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

"लाखावर लोकायनं पाह्यलं मॅडम," सेठ म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात दुःख कमी, कौतुक जास्त होतं. मग आठवल्यासारखं त्यांनी तोंड पाडलं. "बिचारी सीता."

"नेमकं झालं काय?"

"आज आमचा 'वन विशेष' होता. वनखात्याचे मोठे साहेब पाहुणे. आणि या सायमानं कोटात खाजकुयली टाकली. साधा हिशोब आहे. हा कोट ऑफिसचा. सायमा तो रोज घालते. रोज. आणि नेमका आज तिनं सकाळच्या बातम्याले घातला नाई. काऊन? तिले माहीत होतं आत काय आहे ते. वरून बाप जडीबुटीवाला. आता बाकी काय राह्यलं?"

"अन् सीताबाई रोज हा कोट घालतात?"

"छे. ती कायले घालते? सोळा जणायच्या घामाचा कोट. तिच्या स्वतःच्या साड्या असतात."

रिनानं मान हलवली. सेठना वाटलं, पटलं. पटलेलं काहीच नव्हतं. जो कोट सीता कधी अंगाला लावत नाही, त्यात सीतेसाठी खाजकुयली टाकणारी मुलगी एकतर ठार वेडी असली पाहिजे, नाहीतर निर्दोष.

मग तिनं कॅमेरामन जाहीदला बोलावलं. जाहीद घाबरलेला होता, पण खोटं बोलण्याइतका नाही.

"सीताबाईनं आज कोट काऊन घातला?"

"घालाच लागला जी. त्यायची साडी हिरवी होती. सेठचा मेसेजच होता ग्रुपवर, की वन विशेषले सगळ्यायनं हिरवं घालाचं. अन् मागं पडदा बी हिरवाच लागला."

"मग?"

"मॅडम, आमच्या मागं जो वाघ दिसते, धबधबा दिसते, तो तिथी नसते. मागं एकरंगी पडदा राह्यते. कॉम्प्युटर त्या पडद्याचा रंग पुसून त्याच्या जागी वाघ चिटकवते. पण अंगावर तोच रंग असला तं तो बी पुसून जाते. सीताबाई येऊन बसल्या, मी स्क्रीनवर पाह्यलं, तं साडी गायब. वाघाच्या पाठीवर बाईचं मुंडकं तरंगून राह्यलं होतं." जाहीदला हसू आलं, ते त्यानं गिळलं. "लाईव्हले वेळ नव्हता. खुंटीवरचा कोट होता, तो घातला."

"हिरव्या कपड्यांच्या दिवशी नेहमी असंच होतं?"

"नाई जी. आमच्यापाशी निळा पडदा बी होता. हिरवे कपडे असले का तो लावाचा. पण आज तो सापडलाच नाई."

"आणि ती खाजवायला लागल्यावर कॅमेरा बंद का नाही केला?"

जाहीदनं खाली पाहिलं. "मी नाई ठरवत ते. आतून पाचपोर सर सांगतात. त्यायनं सांगतलं, क्लोजमधी जा."

आतले पाचपोर सर म्हणजे डेस्कचे मुख्य, श्रीहरी पाचपोर. त्या तुटक्या खुर्चीचे दुसरे उमेदवार. बोलणं गुळगुळीत, शब्द तोलूनमापून, आणि प्रत्येक वाक्य जणू कोणीतरी उद्या छापणार आहे अशा थाटात. मूळचे सिंदेवाहीचे, पण ते कोणाला कळू नये याची त्यांनी आयुष्यभर काळजी घेतलेली.

"अत्यंत दुर्दैवी घटना," ते म्हणाले. "सीता माझी धाकटी बहीणच."

"धाकटी बहीण डोळे चोळत होती, तेव्हा कॅमेरा तिच्यावरच का ठेवला?"

"मॅडम, पत्रकार म्हणून विचार करा. ती त्या क्षणी व्यक्ती नव्हती, बातमी होती."

रिनाला त्या माणसाची शिसारी आली. पण नुसत्या शिसारीवर अटक करता येत नाही, नाहीतर हे ऑफिस केव्हाच ओस पडलं असतं.

"निळा पडदा कुठे गेला?"

"उंदरांनी कुरतडला हो. भोकंच भोकं. मीच कचऱ्यात टाकायला लावला. या टायरवाल्यामुळे उंदीर फार झालेत, सेठना किती वेळा सांगितलं." पाचपोरांनी चहाचा ग्लास उचलला. काचेवर बोटांचे तेलकट ठसे उमटले. रिनाची नजर तिथे गेलेली पाहून ते हसले. "थंडीत हात फुटतात माझे. खोबरेल लावतो."

"कोटाला सकाळपासून कोणी हात लावला?"

"खुंटी मेकअपच्या खोलीत आहे. तिथं सगळेच येतात-जातात. पण रोजचा संबंध विचाराल तर सायमाचाच. तिच्यावर आरोप करायचा नाही मला. गरीब घरची मुलगी आहे, महत्त्वाकांक्षा असणारच. सीता बाजूला झाली की मोठ्या बातम्या तिच्याकडेच येणार ना."

आरोप करायचा नाही म्हणत माणसाला सुळावर द्यायचं, ही कला तिथे सगळ्यांनाच येत होती. पाचपोर त्यात वस्ताद.

सायमा मेकअपच्या खोलीत एकटी बसली होती. पिवळा ड्रेस, कोरडे डोळे. रडून झालेलं होतं. तिचा फोन तिच्याच ऑफिसनं काढून घेतला होता.

"कोट आज का नाही घातला?"

"मेसेजमधीच होतं मॅडम. हिरवं फक्त वन विशेषवाल्यायनं घालाचं. बाकीच्यायनं चांगले कपडे घालाचे, आज कोट नाई. म्हणून अब्बानं ईदले घेतला तो ड्रेस घातला."

"हे सगळ्यांना माहीत आहे?"

"सगळ्यायच्या मोबाईलमधी आहे. पण आता कोणाले आठवून नाई राह्यलं." तिनं मान वर केली. "मले काढलं तं काढलं. पण अब्बाले काऊन दाखवून राह्यले? त्यायनं काय केलं? दुकानासमोर लोक जमले म्हणते. आतापर्यंत त्यायच्या दुकानातून एक पुडी खराब नाई गेली मॅडम. तुम्ही आधी तिथी जा."

रिना आधी तिथेच गेली.

गोल बाजारात गुलाम रसूल यांच्या दुकानासमोर घोळका उभा होता. निम्म्या लोकांना काय झालं तेच माहीत नव्हतं, पण चुकायला नको म्हणून थांबलेले. कोणीतरी भिरकावलेल्या दगडानं पाटीची काच फुटली होती. मधोमध वनराज वार्ताचा रिपोर्टर प्रफुल माईक घेऊन ओरडत होता. सायमाच्या डब्यातली बिर्याणी त्यानं परवापर्यंत खाल्लेली. "हेच ते दुकान, जिथं खाजकुयलीच्या बिया उघडपणे विकल्या जातात! प्रशासन झोपलंय का?"

गुलाम रसूल गल्ल्यामागे बसून होते. पांढरी दाढी, समोर काचेच्या बरण्या. "बाई, कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी, आहे आमच्यापाशी," ते शांतपणे म्हणाले. "वैद्य लोक नेतात. लपवून काय ठेवाचं?"

रिनानं बरणी उचलली. आत चकचकीत काळ्या बिया. तिनं बाही वर केली आणि प्रफुलच्या कॅमेऱ्यासमोर कोपरापर्यंत हात बरणीत घातला. मुठीनं बिया उपसल्या, गालाला चोळल्या.

"तुझं गाव कोणतं?" तिनं प्रफुलला विचारलं.

"चिमूर."

"चिमूरचा असून तुले माहीत नाई? खाज शेंगेवरच्या केसाले असते. आतल्या बीले नसते. शाळेत असताना सगळ्यायनं पाह्यलं आहे हे, तू बी पाह्यलं. दुकानात साफ केलेलं बी येते. याच्यानं कोणाले खाजवता येत नाई. हे चालू ठेव, लाईव्हच आहे ना?"

प्रफुलनं कॅमेरा खाली केला. लाईव्ह होतं, पण आता ते दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं. घोळका हळूहळू पांगला. मघाशी आरडाओरडा करणारेच आता 'आम्ही म्हणलंच होतं' म्हणत निघाले.

बाप सुटला. लेक नाही. ठाणेदारांचा पुन्हा फोन: सेठ ऐकत नाही, वरून फोन आले, सायमाचं नाव टाका आणि मोकळे व्हा. रिना उत्तर देणार तेवढ्यात मध्येच आईचा फोन वाजू लागला. तिनं साहेबांना थांबवून तो घेतला.

"पोरीले पाणी घातलं अन् जास्तच झालं वो!" आईचा आवाज चिरकला. "हात टरारून फुगला. ते क्रेप-बिप काही नाई. मी राख चोळली तवा कुठी थांबली. त्या बाकीच्या झाडायची बी तीच गत आहे, त्यायच्या मायचे फोन येऊन राह्यले. रिना, हे खाजकुयली आहे. शाळेत कुठून आली?"

रिना गल्ल्याला टेकून उभी राहिली. मोर खाजवत नव्हते. हरणं खाजवत नव्हती. खाजवत होती फक्त झाडं, पडद्याला पाठ लावून उभी असलेली.

पोरीचा फुगलेला हात डोळ्यासमोर आला आणि तिच्या डोक्यात सणक गेली. ती थेट शाळेत गेली, मुख्याध्यापिकेला एकच प्रश्न विचारला, आणि उत्तरासोबत एक मोठी प्लास्टिकची पिशवी, तोंड बांधून, घेऊन बाहेर पडली.

न्यूजरूममध्ये तिनं सगळ्यांना एकत्र बोलावलं. सेठ, पाचपोर, जाहीद, सायमा, तोंड पाडून परत आलेला प्रफुल. सेठ आशेनं म्हणाले, "नाव टाकलं का? आम्ही सातच्या बातम्यात घेतो. अटक लाईव्ह घेता येईन?"

"येईल," रिना म्हणाली. "आधी दोन-तीन गोष्टी. सेठ, ते हिरव्या कपड्यांचं कोणाच्या डोक्यातून आलं?"

"माझ्या."

"आज कोट नको, हे?"

"ते बी माझंच." सेठ थोडे फुगले. मग चाचरले. "म्हणजे... बोलता बोलता निघालं. पाचपोर म्हणत होता, सेठ, वनखात्याचे साहेब येत आहेत, तुमच्यासारख्या माणसाला रंगाची दृष्टी असते. मग मले सुचलं."

"सुचलं म्हणजे कानात घातलं." रिनानं पिशवी टेबलावर ठेवली. "सगळे म्हणतात, कोट रोज सायमा घालते, म्हणून दोष तिचा. मी उलट विचारलं. सीताबाई तो कधीच घालत नाहीत, मग आजच का घातला? कारण साडी हिरवी आणि पडदा हिरवा. निळा पडदा लागला असता, तर कोट खुंटीवरच राहिला असता आणि उद्या सायमानं घातला असता. म्हणजे ज्यानं निळा पडदा हलवला, त्याला पक्कं माहीत होतं की सीताबाईंना ऐनवेळी तोच कोट घ्यावा लागेल. दुसरा आहेच कुठे इथं? आणि सायमानं सकाळी तो घालू नये, हीही सोय त्यानं करून ठेवली. घातला असता तर बिंग आधीच फुटलं असतं. न घातल्यानं संशय आयता तिच्यावर आला."

"निळा पडदा उंदरांनी खाल्ला," पाचपोर म्हणाले. "मी सांगितलंय आपल्याला."

"हो. म्हणून तो सोबत आणला." तिनं पिशवीची गाठ सोडली. घडी घातलेलं निळं कापड वर दिसलं. "पाचपोर सर, एवढी भोकं दाखवता का? उलगडा जरा."

पाचपोर जागचे हलले नाहीत.

"अरे, हा तं आपलाच," सेठ पुढे झाले. जाहीदनंही हात पुढे केला. रिनानं दोघांना थांबवलं.

"तुम्ही नाही. सरांनी उलगडायचा."

"मी का हात लावू?" पाचपोरांचा आवाज पहिल्यांदाच सिंदेवाहीचा झाला. "त्याच्यात ते... मले काऊन लावता?"

"त्याच्यात काय?"

पाचपोरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी तर अजून कोणाला काही सांगितलं नाही. या दोघांना नुसतं कापड दिसलं, हात आपोआप पुढे आले. तुमचे मागे गेले." रिनानं गाठ पुन्हा बांधली. "पडद्यात खाजकुयली आहे, हे इथं फक्त मला माहीत होतं. आणि ज्यानं कोटाला चोळून उरलेल्या शेंगा आणि पडदा एकाच पिशवीत कोंबून नेले त्याला."

टीव्हीवर सीता अजून कोसळतच होती.

"पडदा ऑफिसातून बाहेर काढायचा होता. जाळायचा, नाल्यात फेकायचा, कोणाला पत्ता लागला नसता. पण तो सरांना फुकट घालवायचा नव्हता. त्यांनी शाळेला तो दिला आणि बदल्यात काय मागितलं? स्टेजवरून आभार. मुख्याध्यापिका म्हणाल्या, नाव नीट घ्या, 'ज्येष्ठ पत्रकार' म्हणा, असं सरांनी स्वतः लिहून दिलं होतं. मी तिथं बसले होते. नाव घेतलं तेव्हा माझा फोन वाजला, एवढीच तुमची पुण्याई. माझी पोरगी त्या पडद्याला पाठ लावून झाड झाली होती. तिचा हात फुगलाय. अजून चार पोरांचे फुगलेत." तिचा आवाज चढला आणि तिनं तो आवरला नाही. "आणि फुटलेल्या हातांचं खोबरेल मला नका सांगू. खाजकुयली हाताळून तेल चोळणारी माणसं मी मूल तालुक्यात लहानपणापासून पाहतेय. एका तुटक्या खुर्चीसाठी एका बाईचा डोळा, पाच लेकरं आणि एका म्हाताऱ्याची अब्रू. लाज वाटू द्या."

पाचपोरांनी सेठकडे पाहिलं. "सेठ, अकरा वर्षं या चॅनलसाठी मी... त्या सीतेला साधी हेडलाईन लिहिता येत नाही. तिला खुर्ची आणि मी तिच्या हाताखाली? फक्त खाजवेल, लोक हसतील, एवढंच होतं माझ्या मनात. डोळ्याचं मी..."

"जाहीद," सेठ पुटपुटले, "कॅमेरा रोल करून राह्यला का तू?"

जाहीद रोल करत नव्हता. त्याबद्दल सेठ त्याच्यावर खेकसले. आपल्या डेस्कच्या मुख्याला पोलीस धरून नेतायत, याचं दुःख त्यांना झालंच नसावं. 'वनराज वार्ताचा सर्वांत मोठा पर्दाफाश' अशी पट्टी ते मनात लिहीत होते. पाचपोरांना रिनासोबत आलेल्या शिपायांनी जिन्यावरून खाली नेलं, तेव्हा प्रफुल माईक घेऊन त्यांच्याच मागे धावला. "सर, आपल्या भावना काय आहेत?"

मग सेठ सायमाकडे वळले. चेहऱ्यावर लग्नातलं हसू.

"झालं गेलं विसर बेटा. सातच्या मोठ्या बातम्या आता तूच वाच. त्या खुर्चीचं बी पाहू आपण, काय? अन् माफी मागतो ना. ब्रेकिंगमधी मागतो. पूर्ण स्क्रीन. तुझ्या अब्बाचा फोटो, फुलं, मागून म्युझिक."

सायमानं ओढणी नीट केली. त्या खुर्चीकडे ती एकदा पाहून घेते आहे, हे रिनाच्या ध्यानात आलं. घरात तिच्याच पगारावर सगळं चालत होतं. रिनाला भीती वाटली, ही पोरगी आता हो म्हणेल.

"माफी मागाची तं अब्बाच्या दुकानात येऊन मागा, सेठ," ती म्हणाली. "आज. अन् कॅमेरा आणाचा नाई. मोबाईल बी नाई. मग मी कामाचं पाहीन."

सेठना खरंच कळेना. ते बापडे मनापासून गोंधळले.

"कॅमेरा नाई? मग माफी मागतली हे कोणाले दिसन?"

"अब्बाले," सायमा म्हणाली.

संध्याकाळी रिना सम्यकाला घेऊन गोल बाजारात गेली. हाताला लावायला तेल हवं होतं. दुकानासमोर सेठची मोठी गाडी उभी होती आणि सेठ पायरीच्या खाली. हात जोडलेले. बोलायला तोंड उघडलं की डोळे सवयीनं उजवीकडे जात, जिथे जाहीद कॅमेरा घेऊन उभा असतो. तिथे कोणी नव्हतं. कॅमेऱ्याशिवाय काय बोलायचं असतं, ते त्यांना कधी कोणी शिकवलंच नव्हतं.

"ते... गैरसमज झाला जी, गुलामभाऊ. माफ करा."

गुलाम रसूलनी फुटलेल्या पाटीकडे पाहिलं, मग सेठकडे. रागावले नाहीत, हसलेही नाहीत.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता जरा बाजूले व्हा सेठ. मागं लेकरू उभं आहे, त्याचा हात दुखून राह्यला."